डिसेंबर आणि जुलै, सरासरी एकच: गोव्यातल्या शेतात हवामान कसं वाचायचं

पणजीच्या हवामानाची दीर्घकालीन सरासरी बघा. डिसेंबरात दिवसाचं कमाल तापमान साधारण ३२.५ अंश सेल्सिअस आणि पहाटेचं किमान २०.५. जुलैत कमाल २९, किमान २४. दोन्ही महिन्यांची सरासरी जवळजवळ एकच येते, २६.५ अंश. ‘या पिकाला २५ ते २७ अंश तापमान मानवतं’ एवढंच वाचून कुणी टोमॅटो लावायला निघाला, तर त्याला हे दोन्ही महिने सारखेच वाटतील. जुलैत उघड्यावर लावलेल्या टोमॅटोचं काय होतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

मी डिचोली तालुक्यात शेती करतो. खाली भाताचं शेत, वर डोंगरउतारावर काजू, घरामागे लहानसं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची मिश्र बाग. बरीच वर्षं मीही दुपारचं ऊन तेवढं मोजत होतो. आता मी तीन गोष्टी आधी बघतो: रात्र किती उबदार आहे, पानावर ओल किती वेळ टिकते, आणि झाडाला उजेड किती तास मिळतो. गोव्यात दिवसाचं तापमान वर्षभर चार-पाच अंशांच्या पट्ट्यात फिरतं. खरा फरक या तीन गोष्टी पाडतात. त्या ओळखून पेरणीची तारीख, जात आणि जागा कशी ठरवायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: स्वतःच्या शेतात मोजा

वेधशाळेचे आकडे पणजी आणि मुरगावचे असतात. दोन्ही ठिकाणं समुद्राला लागून. माझ्या खालच्या शेतात जानेवारीच्या पहाटे पणजीपेक्षा दोन-तीन अंश कमी दिसतात, कारण थंड हवा जड असते आणि उतारावरून घरंगळत खोलगट जागी साठते. सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथल्या दऱ्यांत हे आणखी ठळक जाणवतं. दुपारी उलट: समुद्रावरचे खारे वारे आत पोचायला उशीर लागतो, म्हणून आतल्या भागात पारा जास्त चढतो.

एक कमाल-किमान तापमापी घ्या. ती भिंतीला लावू नका. चिऱ्याची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते, त्यामुळे किमान आकडा खोटा येतो. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, चारी बाजूंनी वारा खेळेल पण ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी, लाकडी खांबाला ती बांधा. रोज सकाळी साडेआठला वाचा. वेधशाळाही त्याच वेळेला वाचते, म्हणजे तुमचा आणि त्यांचा आकडा शेजारीशेजारी ठेवता येतो.

ओल मोजायला महाग यंत्र नको. दुसऱ्या साध्या तापमापीच्या टोकाला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. कोरड्या आणि ओल्या तापमापीतला फरक एक-दोन अंश असेल तर हवा ओलीचिंब आहे. फरक आठ-दहा अंशांवर गेला की हवा झाडाकडून पाणी ओढायला लागली, असं समजा.

हा ओढा किती झपाट्याने वाढतो ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ३३ अंशांना हवेत ७० टक्के ओल असताना हवेला जेवढी तहान असते, तिच्या दुपटीहून जास्त तहान ओल ३५ टक्क्यांवर उतरली की लागते. तापमापीचा आकडा तोच, पण झाडावरचा भार दुप्पट.

वहीत तारीख, कमाल, किमान, ओल्या-कोरड्यातला फरक आणि पाऊस एवढे रकाने आखा. मी एक रकाना जास्तीचा ठेवतो: खारा वारा किती वाजता आला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून, घाटाकडून कोरडा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा अडून राहतो. रोज बाराच्या सुमाराला येणारा वारा दोन-अडीचपर्यंत आला नाही की त्याच दिवशी पारा ३६-३७ कडे धावतो. त्या महिन्यांतली आमच्याकडची कडक उन्हं बहुतेक वेळा अशीच येतात.

दुसरी पायरी: दिवस मोजू नका, ऊब मोजा

‘१२० दिवसांची जात’ असं पिशवीवर छापलेलं असलं तरी झाड दिवस मोजत नाही. ते मिळालेल्या उबेप्रमाणे वाढत जातं. हिशेब सोपा: कमाल अधिक किमान, भागिले दोन, त्यातून त्या पिकाचं तळाचं तापमान वजा. तळाचं तापमान म्हणजे ज्याच्या खाली वाढ थांबते ते. भातासाठी आणि टोमॅटोसाठी ते साधारण १० अंश धरतात.

डिसेंबरात रोज १६.५ अंक जमा होतात. मे महिन्यात, कमाल ३३ आणि किमान साडेसव्वीसच्या जवळ धरली, तर साडेएकोणीसच्या पुढे जातात. एखाद्या पिकाला दीड हजार अंक लागत असतील तर डिसेंबरच्या हवेत त्याला ९१ दिवस लागतील आणि मे महिन्याच्या हवेत ७६.

पीक लवकर आलं म्हणून कुणी आनंदाने सांगतो तेव्हा मला त्या गेलेल्या पंधरा दिवसांची आठवण होते. पान सूर्यप्रकाशातून अन्न बनवतं ते दिवसाच्या हिशेबाने. पंधरा दिवस कमी मिळाले तर दाणे भरायला तेवढे दिवस कमी मिळाले. उन्हाळी पिकाचा दाणा बारीक राहतो, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

हिशेबाला एक मर्यादा आहे. ३५ अंशांच्या वर गेलेली ऊब वाढीच्या कामी येत नाही. तिथून पुढे नुकसानीचा हिशेब सुरू होतो.

तिसरी पायरी: पिकाचा नाजूक पंधरवडा शोधा आणि पंचांगावर मांडा

कुठलंही पीक सगळ्या वयात सारखं हळवं नसतं. भाताचं रोप महिन्याभराचं असताना ३७ अंशांतही तग धरतं. तेच भात फुलोऱ्यात असताना तासभर ३५ अंशांच्या वर गेलं तरी परागकण मरायला लागतात आणि दाण्याच्या जागी पळींज, म्हणजे पोकळ टरफल, राहते. म्हणून पेरणीची तारीख उलट्या दिशेने ठरवायची असते: आधी फुलोरा कधी यावा ते ठरवा, मग मागे मोजत या.

आमच्याकडे भाताची दोन पिकं, पावसाळ्यातली सरद आणि पाण्यावरची वायंगण. सरदीला उष्णतेचा धोका जवळपास नाही. वायंगणीला मात्र पेरणी लांबली की तो वाढत जातो.

ज्योतीसारखी जात घ्या, पेरणीपासून कापणीपर्यंत ११५ ते १२० दिवसांची. उष्ण कटिबंधात भाताला फुलोऱ्यापासून पिकायला साधारण ३० दिवस लागतात, जात कुठलीही असो. म्हणजे ज्योतीचा फुलोरा पेरणीनंतर ८५ ते ९० दिवसांनी येणार. १५ नोव्हेंबरला पेरलं तर फुलोरा १० फेब्रुवारीच्या आसपास. त्या वेळी रात्री अजून विशीत असतात, दुपार बत्तीसच्या आत-बाहेर. २५ डिसेंबरला पेरलं तर फुलोरा २२ मार्चच्या आसपास, आणि घाटावरच्या वाऱ्याने पारा चढण्याचे दिवस ते हेच. जानेवारीच्या रात्री फार थंड गेल्या तर फुलोरा आणखी चार-सहा दिवस पुढे सरकतो, तेवढी मोकळीक हिशेबात ठेवा.

एका वर्षी माझी सरद उशिरा कापली गेली, मळणी लांबली, घरात लग्न होतं, आणि वायंगण पेरायला नाताळ उजाडला. पीक दिसायला सुंदर आलं. हिरवंगार, उंच, भरघोस कणसं. शिमग्याच्या सुमाराला फुललं आणि त्याच आठवड्यात चार दिवस खारा वारा दुपारी तीनच्या आधी आला नाही. कापणीला कणीस हातात घेतलं तर हलकं लागलं. वाऱ्यावर धरलेल्या सुपातून निम्म्याच्या जवळ उडून गेलं. खत कमी पडलं असेल म्हणून मी आधी खताला दोष दिला होता. वही काढून तारखा लावल्या तेव्हा कारण समजलं.

भात फुलतं सकाळी साधारण ९ ते दुपारी १२ या वेळेत. एकेक फूल तासाभरात उघडून मिटतं. त्यामुळे दुपारी तीनला पारा किती होता यापेक्षा साडेअकराला किती होता, हे जास्त महत्त्वाचं. खारा वारा वेळेवर आला तर याच वेळेत हवा निवते, आणि आमची वायंगण वर्षानुवर्षं त्यावर वाचत आली आहे.

आणखी एक गोष्ट किनारपट्टीवर ध्यानात घ्यावी लागते. कोरड्या हवेत कणीस पाणी बाहेर टाकून स्वतःला गार ठेवतं, मातीच्या मडक्यासारखं. ओल्या हवेत पाणी उडत नाही, म्हणून कणीस हवेइतकंच तापतं. कोरड्या मुलखातलं भात जास्त तापमान सोसतं म्हणून आमचंही सोसेल, असं धरून चालू नका.

वायंगण वेळेत जमत नसेल तर भाताचा हट्ट सोडा. उरलेल्या ओलीवर अळसांदे (आमची चवळी) पेरा, किंवा मूग, उडीद. उशिरा पेरलेल्या भातापेक्षा वेळेत पेरलेले अळसांदे घरात जास्त आणून देतात, हा माझा अनुभव आहे.

हाच उलटा हिशेब टोमॅटो, मिरची, वालीला लावा. टोमॅटोला लावणीपासून साधारण महिन्याने फुलं येतात. ती डिसेंबर-जानेवारीत यावीत तर लावणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी, म्हणजे बी सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, वर प्लॅस्टिकचं छप्पर धरून टाकायला हवं. पाऊस पूर्ण थांबायची वाट बघत बसलात तर फुलोरा फेब्रुवारीत सरकतो.

चौथी पायरी: रात्रीचा आकडा वेगळा वाचा

झाड दिवसा कमावतं आणि रात्री खर्च करतं. रात्रीचं श्वसन थांबत नाही, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. दिवसभर बनवलेली साखर उबदार रात्रीत झाडाच्याच श्वासात खर्चून जाते, दाण्यापर्यंत, फळापर्यंत कमी पोचते.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७९ ते २००३ या काळातल्या आपल्या शेतातल्या नोंदी तपासल्या. कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं की भाताचं उत्पन्न १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दिवसाच्या कमाल तापमानाशी असा ठळक संबंध दिसला नाही. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तो मुलूख आपल्यासारखाच उष्ण, दमट, म्हणून हा आकडा मी गांभीर्याने घेतो.

टोमॅटोला फळ धरायला रात्र १५ ते २० अंशांची लागते. बावीसच्या वर रात्री जायला लागल्या की फुलं येतात आणि देठापाशी पिवळी होऊन गळतात. लोक औषधाच्या दुकानात धावतात, पण हा रोग नाही. पणजीच्या सरासरीत विशीची रात्र फक्त डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत सापडते. तेवढीच तीन महिन्यांची खिडकी. आतल्या तालुक्यांत ती थोडी मोठी असते, आणि तिथल्या शेतकऱ्याने तिचा फायदा घ्यायला हवा.

फ्लॉवरच्या बाबतीत मी स्वतः फसलो. पिशवीवर गड्ड्याचं पांढरंशुभ्र चित्र बघून बी आणलं. जानेवारीत गुडघाभर पानं झाली, गड्डा नाही. ती उशिराच्या हंगामाची जात होती, जिला गड्डा धरायला १० ते १६ अंशांची हवा लागते. आपल्याकडे लवकर येणाऱ्या, उष्ण हवेच्या गटातल्या जाती लागतात. त्या २० ते २७ अंशांत गड्डा धरतात. बी घेताना ‘कुठल्या महिन्यातली, कुठल्या तापमानाची जात’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आंब्याला मात्र गार रात्र हवीच. मानकुरादाची फांदी पावसाळ्यानंतर जून झालेली असली, जमीन सुकत आलेली असली आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री खाली उतरल्या की डोळ्यातून मोहोर फुटतो. ऑक्टोबरअखेरीस पाऊस लांबला की झाड पालवी काढतं. ती कोवळी पालवी जून व्हायला तीन-चार महिने घेते, तोवर गार रात्री निघून जातात. उशिरा आलेला मोहोर मार्चच्या उन्हात सापडतो आणि बारीक कैऱ्या गळतात. टिकलेलं फळ तयार व्हायला फळधारणेनंतर साडेतीन महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे ते थेट पावसाच्या आणि फळमाशीच्या तोंडी जातं.

इथे शेतकऱ्याच्या हातात काय आहे? पाऊस थांबल्यावर आंब्याला पाणी देऊ नका. पावसाळ्याच्या शेवटी नत्र टाकू नका. फळ उतरल्यावर लगेच, जूनच्या आत, छाटणी आणि खत उरका, म्हणजे पालवी पावसातच येऊन जून होईल. मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा, पहाटेचं धुकं आणि दुपारची ऊब एकत्र आली की भुरी आणि तुडतुडे येणार हे धरून चाला आणि रोज मोहोर हलवून बघा.

काजूलाही तेच दिवस नाजूक. नोव्हेंबर ते जानेवारीत ढग राहिले की ढेकण्या हा रस शोषणारा किडा कोवळ्या पालवीवर आणि तुऱ्यावर बसतो आणि टोकं काळी पडून वाळतात. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर तुरा करपतो. ढगाळ आठवडा दिसला की काजूत फेरी मारा, वाट बघू नका.

पाचवी पायरी: पावसाळ्यात उजेड आणि ओल यांचा हिशेब

पणजीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहून बराच जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पण भाजीला पाण्यापेक्षा जास्त अडचण होते ती उजेडाची. जानेवारीत रोज दहा तासांच्या आसपास स्वच्छ ऊन मिळतं. जुलैत सरासरीने तीन-साडेतीन तास. म्हणूनच सरदीपेक्षा वेळेत पेरलेली, पाणी पुरलेली वायंगण एकरी जास्त उतरते: ऊन भरपूर, रात्र गार.

कमी उजेडात झाड लांबुळकं होतं, पान पातळ राहतं, आणि अशा मऊ झाडाला नत्र जास्त दिलं की ते लोळतं. सरदीला युरिया एका दमात टाकू नका, तीन वेळा विभागून द्या, आणि चार दिवस झड लागणार असेल तर तेवढे दिवस थांबा.

पावसाळी भाजी कुठे लावायची याचं उत्तर आपल्या आधीच्या लोकांनी जमिनीवर लिहून ठेवलं आहे. काणकोणातली खोला मिरची डोंगरउतारावर पावसावरच पिकते. उतारावर पाणी उभं राहत नाही, वारा पानं सुकवतो, मुळांना श्वास मिळतो. सात शिरांची भेंडी, दोडकी, काकडी, चिबूड हे मोरडावर, भरडावर, म्हणजे उंचावरच्या जमिनीत घ्यायचं पीक, चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीला आणि बाजाराला वेळेवर येणारं. सपाट जागाच असेल तर हातभर उंच वाफे करा आणि वेलांना मांडव द्या. पान जमिनीपासून जितकं वर, तितकी ओल कमी टिकते.

बुरशीचं गणित पावसाच्या मिलीमीटरवर नसतं, पान किती तास सलग ओलं राहिलं त्यावर असतं. सकाळी नऊपर्यंत पान सुकत असेल तर बराच धोका टळतो. दुपारपर्यंत ओलंच असेल तर अंतर वाढवा, खालची पानं काढा.

सुपारीच्या कोळेरोगाचं हेच. सलग पाऊस, मधूनच ऊन, हवेत गारवा, की कोवळी सुपारी डाग पडून गळायला लागते. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, पाऊस सुरू होण्याआधी घोसांवर फवारा आणि ४० ते ४५ दिवसांनी पुन्हा. रोग दिसल्यावर मारलेल्या फवाऱ्याने आधीच बाधलेली सुपारी परत येत नाही.

दिवसाची लांबीही इथेच बघून टाकू. गोव्यात जूनच्या शेवटी दिवस साधारण १३ तासांचा, डिसेंबरात सव्वाअकरा तासांचा. फरक थोडा वाटतो, पण वाल तो अचूक ओळखतो. जूनमध्ये लावलेला देशी वाल मांडवभर वेल करतो आणि दिवस लहान झाल्यावर नोव्हेंबरच्या सुमारालाच फुलतो. त्याला खत देऊन फूल लवकर येत नाही.

सहावी पायरी: मातीचं तापमान आणि खाजनातलं मीठ

आपली जांभी जमीन उघडी राहिली की एप्रिलमध्ये वरच्या थरात पाय ठेववत नाही इतकी तापते. मुळं बहुतेक वरच्या वीतभर मातीतच असतात. पातेरा, नारळाची सोडणं, चुडतं, गवत, जे मिळेल ते झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटं जाड पसरा, पण खोडाला चिकटवू नका. आच्छादनाखाली बोट खुपसून बघा, फरक हाताला कळतो. काजूच्या आणि आंब्याच्या कलमांना पहिली तीन वर्षं हे न चुकता करा. लोक पातेरा जाळतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. तो त्या झाडाचाच उन्हाळा थोपवणारा थर असतो.

तापलेली, आम्लधर्मी, ओली माती टोमॅटो-वांग्याच्या मर रोगाच्या जिवाणूला मानवते. झाड दुपारी हिरवंच मान टाकतं आणि दोन-चार दिवसांत जातं. देठ कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरा: दुधट धागा खाली उतरला तर जिवाणूच. औषधाने ते वाचत नाही. रानवांग्याच्या खुंटावर बांधलेली कलमं लावणं आणि त्या जागी पुढची काही वर्षं भात किंवा कडधान्य घेणं, हाच मार्ग.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, ऊन आणि मीठ यांची गाठ असते. उन्हाळ्यात वरचं पाणी उडतं आणि खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढून मीठ मागे ठेवतं. बांध फुटलेला किंवा मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं नीट लागत नसतील तर भरतीचं पाणी त्यात भर घालतं. भाताचं कोवळं रोप आणि फुलोरा हे मिठाला सगळ्यात हळवे. म्हणून पहिल्या सरीला घाई नको. पावसाने शेत दोन-तीनदा भरून धुऊन काढू द्या, ते पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर सोडा, जिभेवर किंवा साध्या क्षारमापकावर पाणी गोडं लागलं की मग रोप लावा. जात कोरगुट, किंवा जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या गोवा धान मालिकेतली क्षार सोसणारी. चांगल्या जमिनीतली जात खाजनात नेऊन तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

सातवी पायरी: कुळागराकडून सावली शिका

भर एप्रिलमध्ये फोंडा किंवा सत्तरीतल्या एखाद्या कुळागरात शिरा. बाहेर अंग भाजतं आणि आत गारवा असतो. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, मध्ये जायफळ, केळी, जमिनीवर अननस आणि हळद. प्रत्येक थर खालच्याला ऊन गाळून देतो आणि पानांतून उडणारं पाणी आतली हवा निववतं. झऱ्याचं पाणी पाटाने फिरतं. हवामान हातात घेण्याची एवढी सुंदर रीत मला दुसरी माहीत नाही.

नवीन पोफळी लावताना एक चूक फार होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दुपारनंतरचं नैऋत्येचं ऊन खोडावर सरळ पडतं. खोडाची साल करपते, पिवळा पट्टा पडतो, पुढे तिथे चीर पडून काही वर्षांनी पोफळ मोडते. हे टाळायला ओळी सरळ उत्तर-दक्षिण न धरता उत्तरेकडचं टोक पश्चिमेकडे ३५ अंश कलतं ठेवतात. दक्षिण आणि पश्चिम कडेला केळी किंवा दाट वाढणारी झाडं लावा. कडेच्या पोफळींच्या खोडांना ऑक्टोबरअखेर वाळक्या झावळ्या बांधा.

माडाचं दुःख उशिरा कळतं. नारळाच्या फुलोऱ्याचा पहिला अंकुर झाडाच्या शेंड्यात धरल्यापासून पोय, म्हणजे फुलोऱ्याचं म्यान, उघडायला सुमारे ३२ महिने, आणि त्यानंतर नारळ पिकायला १२ महिने. म्हणजे यंदाचा नारळ जवळजवळ पावणेचार वर्षांपूर्वी सुरू झालेला असतो. एखाद्या वर्षी एप्रिल-मेमध्ये पाणी तुटलं तर त्याची शिक्षा पुढची दोन-तीन वर्षं दिसत राहते. नारळ अचानक कमी झाले की या वर्षीचं खत तपासण्याआधी वहीची मागची पानं उलटा.

आठवी पायरी: कडक उन्हाचा इशारा आला तर

हवामान खातं किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त राहिला की उष्णतेची लाट मानतं. मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे गोव्यातल्या शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या होत्या. मेघदूत अ‍ॅपवरचा कृषी सल्ला आणि खात्याचा अंदाज फेब्रुवारीपासून बघत राहा. इशारा मिळाला की हाताशी दोन दिवस असतात.

फुलोऱ्यातल्या भाताला बोटभर नव्हे, चार बोटं पाणी ठेवा आणि ते आटू देऊ नका. मुळाला पाणी पुरलं तरच कणीस स्वतःला गार ठेवू शकतं. भाजीला पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्या, भर दुपारी नाही. रोपवाटिकेवर हिरवी जाळी किंवा चुडतांचं छप्पर घाला, पण बाजू मोकळ्या ठेवा, नाहीतर आत जास्त तापेल. त्या दिवसांत कसलीही फवारणी करू नका, पानं भाजतात. खतही थांबवा. छाटणी, विरळणी पुढे ढकला, कारण आतापर्यंत सावलीत असलेली साल एकदम उन्हात आली तर करपते.

लाट गेल्यावर लगेच शेताचा निकाल लावू नका. भाताची पंधरा-वीस दिवसांनी तपासणी करा. शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वीस कणसं तोडा आणि प्रत्येकातले भरलेले आणि पोकळ दाणे वेगळे मोजा. कणसाची दांडी हिरवी, वर-खाली मिसळून काही दाणे भरलेले आणि काही पोकळ असतील, तर ते उन्हाचं काम. संपूर्ण कणीस पांढरं पडलं असेल आणि हलकेच ओढल्यावर अलगद हातात आलं, तर ते खोडकिड्याचं काम, तिथे उन्हाला दोष नाही. दोन्ही आकडे त्या आठवड्याच्या कमाल तापमानाच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या वेळेच्या शेजारी लिहा. पुढच्या नोव्हेंबरात पेरणीची तारीख ठरवताना हेच पान उघडायचं आहे.